शुई लोकांची सुई : घोड्याच्या केसांवरचं भरतकाम

कशिदाकार (धागाकर्ता)

कसुती, फुलकारी आणि चिकनकारीवर इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून या वेळी जरा लांबचं काम घेतो. चीनच्या नैर्ऋत्य भागात ग्वेइजौ प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेला, दूल्यू नदीच्या वरच्या खोऱ्यात सान्दू तालुका. १९५७ पासून तो शुई लोकांच्या नावाचा स्वायत्त तालुका आहे. २०२० च्या जनगणनेत शुईंची लोकसंख्या ५ लाखांच्या किंचित आत भरली. त्यातले बरेचसे याच तालुक्यात किंवा शेजारच्या लिबो, दूयुन, दूशान भागात राहतात. चिनी भाषेत 'श्वेइ' म्हणजे पाणी. त्यांच्या स्वतःच्या बोलीत मात्र ते स्वतःला 'सुई' म्हणवतात. भरतकामाच्या धाग्याला याहून चांगला शकुन कुठला!

आधी कपडे उरकतो. बाईचा अंगरखा बिनकॉलरचा, गुडघ्यापर्यंत लांब, सैल बाह्यांचा. डावा पदर उजवीकडे नेऊन काखेखाली बंद करायचा, बाराबंदीची आठवण यावी असा. रंग निळा, काळपट निळा नाहीतर हिरवट. खाली सैल विजार. पुढे एप्रनसारखा लांब पट्टा, त्याच्या छातीवरच्या तुकड्यावर भरतकाम, आणि तो गळ्यात अडकवायला चांदीची साखळी. रोजच्या कपड्यांवर एवढंच. लग्नासणाच्या कपड्यांवर तीन जागी भरलेल्या पट्ट्या येतात: खांद्याभोवती गोल, बाह्यांच्या टोकांना, आणि विजारीच्या गुडघ्याच्या वळणावर. पायात चोच वर वळलेले भरलेले जोडे, अंगावर चांदी. पुरुषांचा बिनकॉलरचा अंगरखा आणि डोक्याला गडद फडकं.

खरी करामत 'मावेइश्यू'. मावेइ म्हणजे घोड्याची शेपटी, श्यू म्हणजे भरतकाम. २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत हे आलं.

एक गैरसमज आधी काढून टाकू. या कामात घोड्याचा केस दिसत नाही. वरून दिसते ती पांढरी रेशमी दोरी. केस तिच्या पोटात असतो, आणि सगळी कामगिरी त्याचीच. क्रम असा:

१. शेपटीचे ३ ते ४ केस एकत्र घ्यायचे आणि त्यांच्यावर पांढरा रेशमी धागा गच्च, वेढ्याला वेढा चिकटून, गुंडाळायचा. तयार दोरी अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड होते. वाकते, पण चुरगळत नाही.

२. जुना नमुना किंवा कागदी कातरकाम पायाच्या कापडावर लावायचं आणि त्याच्या कडेकडेने ही दोरी अंथरायची. टोकं सोडली तर दोरी कापडातून आरपार जात नाही. ती वरच राहते आणि दुसऱ्या सुईतला बारीक रेशमी धागा तिच्यावरून आडवा टाकून तिला खाली बांधतो. म्हणजे सुया दोन: जाड सुईत दोरी, बारीक सुईत बांधायचा धागा.

३. सात रंगीत रेशमी धाग्यांची चपटी पट्टी करून ती कडांच्या आतल्या जागेत भरायची.

४. उरलेल्या जागा साध्या भरीव टाक्याने, गाठीच्या टाक्याने, उड्या टाकत जाणाऱ्या टाक्याने बुजवायच्या. काही कामांत मधेमधे तांब्याच्या बारीक चकत्या टाचतात.

क्रम बदलून चालत नाही. आधी रंग भरला आणि मग कड घातली, तर दोरी भरलेल्या रेशमावर चढते, डगमगते आणि महिन्याभरात सरकते. कड आधी घातली की ती बंधाऱ्यासारखी उभी राहते. आतलं रेशीम बाहेर पसरत नाही आणि घर्षणही आधी कडेलाच लागतं. जुन्या कामांत रंग विटलेले, रेशीम झिजलेलं असतं, पण फुलपाखराचा आकार मात्र जागचा हललेला नसतो.

---

पिळदार

उत्तम धागा. जरीकाम माहीत असलेल्यांसाठी एक भर.

कलाबतूमध्ये, म्हणजे जरीच्या धाग्यात, गाभा रेशमाचा किंवा सुताचा आणि वर धातूची चपटी तार गुंडाळलेली. इथे नेमकं उलट, गाभा कडक आणि वेष्टण मऊ. त्यामुळे दोन्हींचं वागणं वेगळं. कलाबतू वळणावर 'उघडते', तारेचे वेढे फाकतात आणि आतलं पिवळं सूत दिसतं. मावेइश्यूची दोरी वळणावर उघडली तर आतला काळा केस दिसतो आणि पांढऱ्या रेघेवर ठिपके पडल्यासारखे दिसतात. म्हणून पांढऱ्या किंवा फिकट शेपटीचे केस मिळाले तर उत्तम. काळे वापरायचे तर वेढे जास्त गच्च हवेत.

गुंडाळायलाच का हवं, असं कोणी विचारेलच. केसाचा पृष्ठभाग निसरडा. नुसता केस बांधला तर टाका त्याच्यावरून घसरतो आणि केस आपल्या जागी फिरत राहतो. रेशीम गुंडाळलं की टाक्याला पकड मिळते. शिवाय तीन केस मिळून गोल होत नाहीत, त्यांचा त्रिकोण होतो. वेष्टणाने तो गोल होतो.

रेशीम किती लागतं याचा हिशेब: केसांचा जुडगा साधारण ०.४ मि.मी. आणि धागा ०.१५ मि.मी. जाड धरला तर प्रत्येक मिलिमीटरला साडेसहा वेढे आणि प्रत्येक वेढ्याला दीडेक मिलिमीटर धागा. म्हणजे जितकी दोरी, त्याच्या दहापट रेशीम. एक मीटर दोरीला दहा मीटर. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. तीन-चार पट धरून चालतात आणि अर्ध्यात धागा संपला की मधे जोड येतो.

---

उसवण

वाचून हात शिवशिवायला लागले. १० × १० सें.मी. चं एक फुलपाखरू नमुना म्हणून करायचं असेल तर केस कुठून आणायचे आणि किती? तबेल्यात जाऊन मागायची हिंमत नाही.

---

कशिदाकार

@उसवण ताई, तबेल्याची गरज नाही. वाद्यांच्या दुकानात व्हायोलिनच्या गजाला लावायचे केस जुडीने मिळतात. एका गजाच्या जुडीत साधारण १५० ते २०० केस असतात, लांबी ७० सें.मी.च्या आसपास.

तुमच्या फुलपाखराची बाहेरची कड, पंखांच्या आतल्या रेघा, मिशा सगळं धरून अडीच मीटर दोरी होईल. टोकं सोडून एका जुडग्यातून ६० सें.मी. दोरी मिळते, म्हणजे पाच जुडगे. तीन केसांप्रमाणे पंधरा केस. तुटणारे, दुभंगलेले, मधेच बारीक झालेले सोडून द्यावे लागतात, तेव्हा तीस बाजूला काढा. रेशीम पिळदार यांच्या हिशेबाने पंचवीस मीटर, पण तीसची रीळ घ्या.

दोन गोष्टी सांभाळा. वापरलेल्या गजाचे केस फुकट मिळतात म्हणून घेऊ नका, त्यांना राळ लागलेली असते. राळ असली की रेशीम जागोजागी चिकटतं, वेढे सरकवून जवळ आणता येत नाहीत आणि पुढे त्यावर धूळ बसते. घेतलेच तर स्पिरिटच्या बोळ्याने दोनदा पुसा. नवे केसही कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूने धुऊन, लटकवून, पूर्ण वाळवा. केसात तेलकटपणा राहिला तर वर्षभरात पांढऱ्या रेशमावर पिवळी झाक येते, आणि ती मागून धुऊन जात नाही.

---

उसवण

आणि गुंडाळायचं कसं? नुसत्या बोटांनी केलं तर पहिल्या दोन इंचांतच सगळं सैल झालं.

---

पिळदार

बोटांनी गुंडाळलं की सैल होणारच, कारण ताण दोन्ही बाजूंनी हवा. जुडग्याचं एक टोक खिळ्याला किंवा टेबलाच्या कडेला लावलेल्या क्लिपला बांधा, दुसरं टोक डाव्या हातात ताणून धरा. रेशीम एका छोट्या जड काडीवर गुंडाळलेलं असू द्या (पेन्सिलीचा तुकडा आणि त्याला नटबोल्टचा नट चालतो). तीन-चार इंच धागा सोडून ती काडी केसांभोवती गरगर फिरवायची. काडीचं वजनच धाग्याला सारखा ताण देतं. बोटांचं काम फक्त वेढे मागे सारून एकमेकांना चिकटवणं.

होणाऱ्या चुका:

ताण कमी पडला तर केस आतल्या आत वळतात आणि दोरी स्प्रिंगसारखी होते. ताण जास्त झाला तर केस तुटतो, आणि तो मधेच तुटला तर कळतही नाही. नंतर तिथे दोरी अचानक मऊ लागते. म्हणून तयार दोरी अंगठा आणि तर्जनीतून एकदा सबंध ओढून बघायची. मऊ जागा सापडली तर तिथे कापून टाकायची, दुरुस्ती करत बसायचं नाही.

केस मुळाशी जाड, शेंड्याला बारीक. तिन्ही केस एकाच दिशेने ठेवले तर दोरी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला उतरती होते. एक केस उलटा ठेवा.

आणि तिन्ही केस एकाच जागी संपू देऊ नका. लांब दोरी हवी असेल तर एक केस संपत आला की नवा आत सारायचा, मग चार-पाच सें.मी. पुढे दुसरा. नाहीतर जोडावर गाठ दिसते.

---

तळटीप

धागा छान, पण दोन ठिकाणी बोट ठेवतो.

पहिलं, रंग. शुई कपड्यांत भडक लाल आणि पिवळा टाळतात, निळा-पांढरा-हिरवा पसंत करतात, असं चीनमधल्या बहुतेक वर्णनांत असतं. अंगावरच्या कपड्यांबद्दल ते खरंच आहे. पण त्यावरून कोणी 'शुई भरतकामात लाल नसतो' असं लिहू नका. बाळाला पाठीशी बांधायच्या पट्ट्यावर लाल सर्रास असतो आणि त्याच्या चौकटी तर अनेकदा लालच असतात. म्हणजे अंगभर लाल नको, पण बाळाच्या पाठीवर चालतो. बाळाच्या टोपीवरही.

दुसरं, याला जरदोजीचा प्रकार म्हणू नका. दोरी वर ठेवून आडव्या टाक्याने बांधणं ही युक्ती जगभर आहे. जरदोजीत आहे, युरोपातल्या चर्चच्या वस्त्रांत आहे, शुईंच्या शेजारच्या म्याओ समाजाच्या कामातही आहे. शुईंचं वेगळेपण दोरीच्या पोटात आहे. आणि घोडा त्यांच्या घरात काही नवखा नाही. द्वान या त्यांच्या वर्षारंभाच्या सणात डोंगरउतारावर घोड्यांच्या शर्यती होतात. हा सण सगळीकडे एका दिवशी येत नाही; गावांचे गट ठरलेले असतात आणि एकेका गटाची पाळी त्यांच्या पंचांगातल्या 'डुकराच्या' दिवशी (तिथे दिवसांना बारा प्राण्यांची नावं असतात) येते, त्यामुळे सण आठवडेच्या आठवडे चालतो. घोडा दारात असेल तर शेपटीचे केसही दारात.

---

कशिदाकार

@तळटीप, रंगाचा मुद्दा मान्य. मूळ लेखात मी फक्त अंगावरच्या कपड्यांचं लिहिलं होतं.

---

झबलं_टोपडं

बाळाच्या पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगायला हवा, कारण मावेइश्यूचं सगळ्यात मोठं काम तेच आहे. बाकीचं (जोडे, टोप्या, बटवे, छातीचे तुकडे) त्यातून उरलेल्या कौशल्यावर चालतं म्हणा ना.

त्याचे तीन भाग. वरचा मुख्य भाग बाळाच्या पाठीवर येतो. त्याच्या दोन बाजूंना हात, म्हणजे लांब पट्टे. खाली शेपूट, जी बाळाच्या बुडाखाली येते. वरचा भाग अखंड कापडाचा नसतो. वीसहून जास्त लहानमोठे तुकडे वेगवेगळे भरून मग एकत्र शिवलेले असतात. चौकटीच्या पट्ट्या रंगीत सॅटिनवर साध्या भरीव टाक्याने, लाल किंवा गडद हिरव्या रेशमात, भौमितिक नक्षीने भरतात. शेपटीवर पुन्हा मावेइश्यू, वरच्या नक्षीला जुळेलशी. बांधताना पट्टे दोन्ही खांद्यांवरून पुढे आणायचे, छातीवर फुली करून मागे न्यायचे, बाळाच्या खालून फिरवून पुन्हा पुढे गाठ मारायची. घरची कामं सांभाळून एक पूर्ण पट्टा करायला वर्षभर जातं.

तुकड्यातुकड्यांनी करण्यामागे हिशेब आहे. तळहाताएवढा तुकडा मांडीवर घेऊन, शेतातून आल्यावर तासभर काम करता येतं. एक तुकडा बिघडला तर तोच टाकायचा, सगळा पट्टा वाया जात नाही. आणि पट्टा फाटला तरी चांगले तुकडे काढून नव्या पट्ट्यावर बसवता येतात. म्हणून जुन्या पट्ट्यांत कधीकधी शेजारशेजारच्या तुकड्यांचे रंग वेगळ्या काळात विटलेले दिसतात.

मधे बहुतेक मोठं फुलपाखरू असतं. गोष्ट अशी सांगतात की आकाशात एकाहून जास्त सूर्य तळपत होते तेव्हा फुलपाखराने पंख पसरून मायलेकरांवर सावली धरली. आजूबाजूला डाळिंब, मासे, फुलं, वटवाघळं. काही कामांत त्यांच्या स्वतःच्या लिपीतली अक्षरंही येतात. हा पट्टा मुलीच्या पहिल्या बाळासाठी माहेरून येतो. आपल्याकडचा बाळंतविडा आठवा, फक्त वर्षभर आधी सुरू करावा लागणारा.

---

उसवण

तुकडे शिवताना जाड होत नाहीत का? आणि पायाचं कापड कुठलं? माझ्याकडे केसमेंट आहे.

---

झबलं_टोपडं

नुसतं केसमेंट चालणार नाही. दोरी कडक आणि कापड मऊ असेल तर टाका ओढताच कापड गोळा होतं आणि फुलपाखराची वाटी होते. पाया आधी ताठ करावा लागतो: जुन्या सुती कापडाचे दोन-तीन थर तांदळाच्या खळीने एकमेकांना चिकटवून पाटावर सपाट वाळवायचे. वर सॅटिन नाहीतर निळं सुती कापड. खळ पातळ हवी, गोधडीचं सूत ताठ करायला करतो तशी. घट्ट झाली तर सुई जात नाही, बोटं सोलवटतात आणि पुढे वाळवी-झुरळांना खाऊ मिळतो. असा पाया ताठ असल्यामुळे लाकडी रिंगही लागत नाही, हातात धरून काम होतं.

शिवणीसाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेने अर्धा सें.मी. भाग भरायचा नाही आणि तिथे थरही एकच ठेवायचा. मग जाड होत नाही.

टाक्यांचं अंतर: सरळ रेघेवर २ ते ३ मि.मी., वळणावर १ मि.मी. सरळ रेघेवर उगाच जवळ टाके घातले तर दोरी दबून चपटी होते आणि उठाव जातो. बांधायचा टाका दोरीला काटकोनात हवा. तिरका पडला की दोरी पीळ खाते.

टोकदार कोपऱ्यांवर, पंखांच्या टोकांवर, दोरी बोटाने दुमडू नका. केस मोडला की तिथे कायमची पोकळी राहते. कोपऱ्याच्या नेमक्या बिंदूवर आधी एक टाका घाला, बोटं ओली करून दोरी जरा दमट करा आणि त्या टाक्याभोवती फिरवा. केस दमट असताना वळतो, वाळला की वळलेला राहतो.

---

निळीचा_डाग

सगळे केसांच्या मागे लागलेत, पण खालच्या निळ्या कापडाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी.

तिथली नीळ आपल्या निळीच्या झुडपाची नाही. आपली शेंगवर्गातली. ग्वेइजौच्या ओल्या डोंगरांत वापरतात ती 'मालान', म्हणजे स्ट्रोबिलँथिस कुसिया. स्ट्रोबिलँथिस हे नाव सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ओळखीचं वाटेल, कारण आपली सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी त्याच गोतावळ्यातली.

पानं-कोवळे दांडे कापून हौदात पाण्याखाली दाबून ठेवतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, थंडीत जास्त. पाणी हिरवट निळं होऊन कुजका वास आला की पाला काढून टाकतात. मग चुन्याची निवळी नव्हे, दाट चुनाच, पाल्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा घालून खळबळून घुसळतात. फेस आधी हिरवट येतो, मग निळाजांभळा होतो आणि शेवटी बसतो. फेस बसला की थांबायचं. रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी निळा चिखल राहतो. चुना कमी पडला तर हा चिखल तळाला बसतच नाही, पाण्याबरोबर निघून जातो. जास्त झाला तर चिखल भरपूर दिसतो पण राखाडी असतो आणि रंग धरत नाही. नवखा माणूस भरपूर चिखल बघून खूश होतो, तिथेच फसतो.

रंगाच्या पिंपात हा चिखल, राखेचं पाणी आणि तांदळाची दारू. दारू प्यायला नव्हे (प्यायलाही असते म्हणा), पिंपातल्या जंतूंना खाद्य म्हणून. जिवंत पिंपाचं पाणी निळं दिसत नाही, पिवळट हिरवं दिसतं आणि वर तांबूस-निळी साय येते. कापड बाहेर काढल्यावर हवेत निळं होतं. एकदा बुडवून आकाशी, काळपट निळ्यासाठी दहा-पंधरा वेळा, आणि दर दोन बुडव्यांमध्ये पूर्ण हवा लागू द्यायची. घाईने लागोपाठ बुडवलं तर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात मानेला, मनगटाला लागतो.

शुईंकडे सोयाबीनच्या पिठाची छपाईसुद्धा आहे. सोयाबीनचं पीठ आणि चुना कालवून, कातरलेल्या जाड कागदाच्या छाप्यातून कापडावर ओढायचं, कडक वाळवायचं आणि मग निळीत बुडवायचं. शेवटी खरवडलं की खाली पांढरी नक्षी. आपल्याला राजस्थानची दाबू छपाई माहीत आहे, तत्त्व तेच, फक्त दाबूत पिठाऐवजी माती असते. निळीचं पिंप थंड असतं म्हणून ही पेस्ट टिकते, गरम रंगात सुटून येईल. पातळ झाली तर छाप्याखाली पसरते आणि कडा फुगतात. फार कोरडी झाली तर बुडवताना तडकते आणि पांढऱ्यात निळ्या शिरा उतरतात. शेजारच्या म्याओंच्या मेणाच्या (बाटिक) कामात त्या शिरांचं कौतुक होतं, इथे त्या दोषात धरतात.

---

तळटीप

कारवीचा संबंध माहीत नव्हता. वा!

---

रविवारची_खरेदी

ऑनलाइन 'घोड्याच्या केसांचं चिनी भरतकाम' म्हणून चौकटीत बसवलेले तुकडे दिसतात. खरे कसे ओळखायचे?

---

पिळदार

फोटोवरून मागची बाजू मागा. यंत्राच्या कामात मागे एकच पांढरा बॉबिनचा धागा सगळीकडे सारखा फिरलेला असतो आणि बऱ्याचदा कापडाला चिकटवलेला कागदी अस्तर असतो. हातकामात मागे बांधायच्या टाक्यांच्या तुटक छोट्या रेघा दिसतात, आणि जिथे नवी दोरी सुरू झाली तिथे केसांची टोकं.

हातात आल्यावर: कडेच्या दोरीवरून नख हळूच आडवं फिरवा. खरी दोरी टणक लागते, दाबून सोडली की परत वर येते. यंत्रावर भरलेली जाड कड दाबली की दबूनच राहते. तिसरा प्रकार जास्त फसवा आहे, हातकाम खरं पण केसांऐवजी नायलॉनची मासे धरायची दोरी. मागे सुटलेलं टोक असेल तर चिमट्यात धरून जाळून बघा. केस चुरचुरत जळतो, वास जळक्या केसांचाच येतो आणि राख बोटाने चुरते. नायलॉन वितळून मणी होतो. रेशीमही केसासारखंच जळतं, म्हणून वरचं वेष्टण सोलून फक्त गाभा जाळा.

पॉलिएस्टर धाग्याने काम केलेलं असेल तर ते 'नकली' असं मी म्हणणार नाही. रोज वापरायचा बाळाचा पट्टा असेल तर धुण्याला तेच बरं. फक्त रेशमाचे पैसे देऊ नका.

---

पेटीतला_कापूर

असं काही घरात आलं की पुढचा प्रश्न कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याचा. रेशीम, केस, खळ आणि तांबं, म्हणजे कसर, झुरळं, बुरशी आणि कळकणं, चौघांनाही आमंत्रण.

धुवायचं नाही. निळं कापड पहिल्या पाण्यातच पांढऱ्या दोरीवर उतरतं आणि खळीचे थर सुटतात. मऊ ब्रशने झटका, किंवा व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून सगळ्यात कमी ओढीवर फिरवा.

घडी घालू नका. दोरी जिथे दुमडते तिथे आतला केस मोडतो आणि नंतर त्याचं टोक रेशमातून बाहेर येतं. छोटा तुकडा सपाट ठेवा. मोठा असेल तर भरतकामाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा, आधी नळीला धुतलेलं कोरं सुती कापड. भरतकाम आत ठेवून गुंडाळलं तर दोऱ्या एकमेकींवर दाबल्या जातात. प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको, आत पाणी सुटतं.

वेखंडाची पुरचुंडी बरी, पण कापडाला लागू द्यायची नाही, तिचं तेल उतरतं. डांबरगोळ्या टाळाच. कसर लागलेलीच असेल तर तुकडा कोऱ्या कापडात, मग हवाबंद पिशवीत घालून (ही पिशवी तेवढ्यापुरतीच) डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला यायला एक दिवस द्या, नाहीतर दव सगळं कामावर बसतं.

तांब्याच्या चकत्या हिरव्या झाल्या तर चिंच-मीठ, पितांबरी वगैरे विसरा. आम्ल रेशमात उतरलं की धागा कुजतो. कोरड्या इअरबडने चकती पुसा आणि सोडून द्या.

---

उसवण

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. दोरीचं टोक संपवायचं कसं? वरच कापलं तर वेष्टण उलगडतंय आणि केस बाहेर टोचतोय. बाळाच्या वस्तूवर तर हे चालणारच नाही.

---

झबलं_टोपडं

वर कधीच कापायचं नाही. जाड सुईने (गोधडीची चालेल) कापडाला भोक पाडून टोक मागे खेचा आणि मागे एक सें.मी. ठेवून कापा. टोकाचे शेवटचे चार-पाच मि.मी. रेशीम उलगडून तिन्ही केस वेगळे करा, प्रत्येक केस वेगळ्या दिशेला वळवून बारीक टाक्याने दाबून टाका. एकत्र ठेवले तर तिघे मिळून काट्यासारखे टोचतात, वेगळे केले की बोटाला लागतही नाहीत. मग त्यावर अस्तर. अस्तर मऊ जुन्या धोतराचं लावलंत तर सगळ्यात बरं.

आणि पुढची दोरी त्याच भोकातून वर काढू नका. एक मि.मी. मागून, पहिल्या दोरीच्या खालून काढा, म्हणजे जोड दिसत नाही.